लंडन ते पॅरिस: ३४८ किलोमीटरला १ तास २० मिनिटे का लागतात?

प्रश्न असा आहे: लंडन–पॅरिस हवाई अंतर साधारण ३४५ किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ८४०. मग २५ मिनिटांत पोहोचायला हवे, पण तिकिटावर १ तास २० मिनिटे छापलेली असतात. शिवाय जाताना १०:०० ला सुटलेले विमान १२:२० ला पोहोचते आणि येताना १०:०० ला सुटलेले १०:२० लाच. यातले खरे काय, आणि हॉटेलच्या दारापासून दारापर्यंत किती वेळ धरायचा?

आधी आकडे देतो. विमान हवेत ४५ ते ५५ मिनिटे असते. तिकिटावरचा वेळ १ तास १५ ते १ तास २५ मिनिटे. दारापासून दारापर्यंत मात्र साडेपाच ते सव्वासहा तास. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. सहलीचे वेळापत्रक बसवताना तिसराच कामाचा.

अंतर: कुठून कुठपर्यंत?

नकाशावरचे ३४४ किलोमीटर हे दोन शहरांच्या मध्यबिंदूंमधले, पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. विमान शहराच्या मध्यातून उडत नाही, विमानतळावरून उडते: लंडनचे हीथ्रो, गॅटविक आणि लूटन, पॅरिसचे शार्ल द गोल आणि ऑर्ली. हीथ्रो ते शार्ल द गोल हे अंतर ३४८ किलोमीटर, गॅटविक ते शार्ल द गोल ३०८, गॅटविक ते ऑर्ली सुमारे ३२५, आणि लूटन ते शार्ल द गोल ३८०. गॅटविक लंडनच्या दक्षिणेला असल्यामुळे पॅरिसला जवळ, लूटन उत्तरेला असल्यामुळे लांब. म्हणजे एकाच ‘लंडन–पॅरिस’ मार्गावर ७० किलोमीटरचा फरक पडतो.

एककांचा घोळही इथे होतो. ब्रिटिश संकेतस्थळे २१४ मैल लिहितात आणि वैमानिकाच्या कागदावर १८८ असते. हे १८८ सागरी मैल आहेत, एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. १८८ ला १.६ ने गुणून ‘अंतर ३०० किलोमीटर’ असे सांगणारे बरेच भेटतात.

जमिनीवरून गेलात तर युरोस्टार या लंडन–पॅरिस आगगाडीचा लोहमार्ग ४९२ किलोमीटरचा आहे आणि मोटारीचा रस्ता फोकस्टन–कॅले बोगद्यामार्गे ४६० च्या आसपास. मार्ग असा वळसा घेतो कारण इंग्लिश खाडी जिथे अरुंद आहे तिथे आधी जावे लागते. बोगद्याची लांबी ५०.४५ किलोमीटर आणि त्यातला सुमारे ३८ किलोमीटरचा भाग समुद्रतळाखाली.

२५ मिनिटांची ८० मिनिटे कशी होतात

तिकिटावरचा वेळ उड्डाणाचा नसतो. विमान गेटवरून मागे ढकलले जाते तिथून तो सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर गेटला लागून थांबते तिथे संपतो. विमान कंपन्यांच्या भाषेत हा ब्लॉक टाइम.

हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि वर्षाला ४,८०,००० विमानफेऱ्यांची मर्यादा आहे. ती जवळजवळ पूर्ण वापरली जाते, त्यामुळे गेटवरून निघाल्यावर रांगेत १५ ते २० मिनिटे सहज जातात. पुढे वारा. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून असतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडते. त्यामुळे वर्षातला सुमारे ७० टक्के काळ उड्डाणे पश्चिमेकडे होतात. पॅरिस आग्नेयेला! म्हणजे आधी उलट्या दिशेला उडायचे, मग मोठे वळण घेऊन दक्षिणेकडे, मग खाडी. ठरलेल्या हवाई मार्गांवरून गेल्याने ३४८ चे प्रत्यक्षात चारशेच्या आसपास होतात.

वेगाचा हिशेब याहून महत्त्वाचा. ताशी ८४० किलोमीटर हा एअरबस ए३२० सारख्या विमानाचा उंचावर, सपाटीला लागल्यावरचा वेग. १० हजार फुटांच्या खाली सर्वसाधारण मर्यादा २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. एवढ्या छोट्या उड्डाणाला ३५-३६ हजार फुटांवर जाण्यात अर्थ नसतो, त्यामुळे विमान बहुधा २५ हजारांच्या आसपासच थांबते. तिथे पोहोचायला सव्वाशे-दीडशे किलोमीटर लागतात. उतरताना वैमानिकांचा ठोकताळा दर हजार फुटांना तीन सागरी मैल, म्हणजे २५ हजारांवरून उतरायला ७५ सागरी मैल, जवळपास १४० किलोमीटर. दोन्हींची बेरीज वजा करून पाहा: पूर्ण वेगाने सरळ उडण्यासाठी उरतात जेमतेम दहा मिनिटे. चहाची गाडी मधल्या मार्गिकेतून पुढे सरकते न सरकते तोच पट्टे बांधायची सूचना येते, ती यामुळे.

ढोबळ विभागणी अशी: गेट ते धावपट्टी १५-२०, चढण आणि वळणे १५, सरळ उड्डाण १०, उतरण आणि धावपट्टीशी रांगेत लागणे २०-२५, उतरल्यावर गेटपर्यंत १०. बेरीज ७० ते ८०. छापील वेळेत कंपन्या थोडी पदरची मिनिटेही घालतात, म्हणून ‘विमान दहा मिनिटे लवकर पोहोचले’ ही घोषणा इतक्या वेळा ऐकू येते.

परतीच्या दिशेला आणखी एक गंमत असते. हीथ्रोवर उतरणाऱ्या विमानांना बोव्हिंगडन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठिकाणी एकावर एक थर लावून घिरट्या घालत थांबवतात. पॅरिसकडून येणारे विमान बहुधा आग्नेयेकडच्या बिगिनला. दहा मिनिटे तिथेच गेली तर घाबरण्याचे कारण नाही. जेट प्रवाहाचा, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा, परिणाम मात्र या मार्गावर किरकोळ. अटलांटिकवर तो तासाचा फरक पाडतो, इथे तीन-चार मिनिटांचा.

याच हिशेबावरून कुठल्याही दोन युरोपीय शहरांसाठी एक सोपा ठोकताळा निघतो: हवाई अंतराला ८०० ने भागा आणि त्यात ४५ मिनिटे मिळवा. लंडन–रोम १,४३४ किलोमीटर: १ तास ४८ अधिक ४५ मिनिटे, म्हणजे साधारण अडीच तास. पॅरिस–बर्लिन सुमारे ८५० किलोमीटर: पावणेदोन तास. माद्रिद–लिस्बन ५१० च्या आसपास: १ तास २०-२५ मिनिटे. वेळापत्रकाशी ताडून पाहिलेत तर फरक दहा मिनिटांहून जास्त क्वचितच निघेल. अंतर कमी तितका त्या ४५ मिनिटांचा वाटा मोठा, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

१०:०० ते १०:२०

फ्रान्सचे घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असते आणि हा फरक बारा महिने कायम राहतो, कारण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्ही देश एकाच क्षणी घड्याळे बदलतात. तिकिटावर नेहमी त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ. लंडनहून १०:०० ला निघून ८० मिनिटांनी पोहोचलात की लंडनचे ११:२०, पॅरिसचे १२:२०. उलट दिशेला ८० मिनिटांतून तास वजा होतो, म्हणून १०:२०.

यात चूक होते ती फोनमुळे. बोगद्यात किंवा विमानात नेटवर्क नसताना फोन जुनीच वेळ दाखवत राहतो, आणि पॅरिसच्या संग्रहालयाची वेळ ठरलेली असेल तर ती हुकते. भारतात घरी फोन करताना: उन्हाळ्यात लंडन साडेचार तास मागे, पॅरिस साडेतीन. हिवाळ्यात साडेपाच आणि साडेचार.

उशीर आणि अंतराचे कायदेशीर महत्त्व

या मार्गावर उशीर होतो तेव्हा कारण बहुधा ‘स्लॉट’ हेच सांगितले जाते. युरोपच्या आकाशातली गर्दी युरोकंट्रोल ही संस्था सांभाळते. गर्दी झाली की ती विमानाला उड्डाणाची नेमकी वेळ देते आणि त्या वेळेच्या ५ मिनिटे आधीपासून १० मिनिटे नंतरपर्यंत उडावेच लागते. ती संधी हुकली तर नवी वेळ मिळते, कधी चाळीस मिनिटांनंतरची. एखादा प्रवासी गेटवर आला नाही म्हणून त्याची बॅग उतरवण्यात गेलेली सात मिनिटे अशी तासभर महाग पडतात. फ्रान्समधल्या हवाई नियंत्रकांचे संप हे दुसरे नेहमीचे कारण. तारखा सहसा आधी जाहीर होतात, निघण्याच्या आठवड्यात बातम्या पाहत राहा.

ऑर्लीला संध्याकाळचे शेवटचे विमान घेणाऱ्यांसाठी सांगतो: तो विमानतळ रात्री ११:३० ते सकाळी ६ बंद असतो. फार उशीर झालेले विमान तिथे उतरू शकत नाही, ते शार्ल द गोलला वळवले जाण्याची शक्यता असते.

भरपाईच्या नियमात अंतर थेट पैशांत बदलते. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला पोहोचताना तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातले असेल तर पॅरिसहून निघणाऱ्याला २५० युरो, लंडनहून निघणाऱ्याला २२० पौंड. हवामान आणि नियंत्रकांचा संप यात बसत नाहीत, विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र बसतो. पोहोचण्याची वेळ म्हणजे चाके टेकली ती नव्हे. विमानाचा दरवाजा उघडला ती वेळ धरावी, असे युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले आहे. उशीर तीन तासांच्या काठावर असेल तर दरवाजा उघडतानाची वेळ फोनवर टिपून ठेवा. निघायलाच दोन तास उशीर होणार असेल तर खाणेपिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि ते कारण काहीही असले तरी. हे नियम बदलण्याची चर्चा युरोपीय संघात चालू आहे, त्यामुळे दावा करताना त्या दिवशीचा नियम पाहावा.

लंडन–पॅरिस–मुंबई असे एकाच नोंदणीचे तिकीट असेल तर अंतर ३४८ नव्हे, लंडन ते मुंबई असे थेट मोजतात, सुमारे ७,२०० किलोमीटर. पहिल्या छोट्या विमानाच्या उशिरामुळे पुढचे हुकले आणि मुंबईत चार तासांहून उशिरा पोहोचलात तर ५२० पौंडांचा दावा होऊ शकतो. दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर यातले काहीच नाही, उलट दुसरे तिकीट वाया.

दारापासून दारापर्यंत

उदाहरण घेऊ: लंडनमध्ये रसेल स्क्वेअरजवळचे हॉटेल, पॅरिसमध्ये ऑपेराजवळचे, सोबत एक मोठी बॅग. पिकॅडिली लाइन या भुयारी रेल्वेने हीथ्रो, तासभर. उड्डाणाच्या दोन तास आधी पोहोचणे, कारण बॅग देण्याची खिडकी ४० ते ६० मिनिटे आधी बंद होते आणि सुरक्षा तपासणीचा भरवसा नसतो. विमान ८० मिनिटे. उतरून चालणे, सीमा तपासणी आणि बॅग मिळून ५० मिनिटे. मग आरईआर बी ही उपनगरी गाडी आणि मेट्रो, चालण्यासकट तासभर. बेरीज सहा तास दहा मिनिटे. फक्त हातातली बॅग असेल तर ४०-५० मिनिटे वाचतात, त्याहून जास्त नाही.

तोच प्रवास युरोस्टारने: सेंट पँक्रस स्थानक रसेल स्क्वेअरहून १५-२० मिनिटे चालत. गाडीची फाटके सुटण्याच्या ३० मिनिटे आधी बंद होतात, म्हणून ७५ मिनिटे आधी पोहोचा. गाडी सुमारे २ तास २० मिनिटे, मोकळ्या मार्गावर ताशी ३०० आणि बोगद्यात १६० किलोमीटर वेगाने. फ्रान्सची सीमा तपासणी लंडनमध्येच उरकलेली असते, त्यामुळे पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकावर उतरले की सरळ रस्त्यावर. मेट्रो २० मिनिटे. बेरीज सव्वाचार तास.

मध्य लंडन ते मध्य पॅरिस असा प्रवास असेल तर माझे मत सरळ आहे: आगगाडी. भाडे मात्र आधी पाहा. दोन-तीन महिने आधी ५० पौंडांच्या आसपास मिळणारे तिकीट ऐनवेळी दोनशेच्या पुढे जाते आणि चार जणांच्या कुटुंबाला ते झोंबते.

विमान शहाणपणाचे ठरते ते तीन प्रसंगी. एक, मुक्काम हाउन्स्लो, फेल्टम, स्लाव अशा पश्चिमेकडच्या भागात नातेवाइकांकडे असेल, जिथून हीथ्रो २० मिनिटांवर आणि सेंट पँक्रस तासाहून लांब. दोन, शार्ल द गोलहून पुढचे विमान एकाच तिकिटावर असेल. तीन, आगगाडीचे भाडे खरोखरच हाताबाहेर गेले असेल. बस आठ-नऊ तास घेते, रात्रीची घेतलीत तरी सीमेवर उठून उतरावे लागते आणि वाचलेले हॉटेलचे पैसे दुसऱ्या दिवशीच्या पेंगुळण्यात जातात.

(लंडन–पॅरिस रोजची विमानसेवा २५ ऑगस्ट १९१९ ला हाउन्स्लो हीथ ते ल बूर्जे अशी सुरू झाली, तेव्हा उड्डाणाला अडीच तासांच्या आसपास लागत. आजची आगगाडी त्याहून थोडी लवकर पोहोचते.)

पॅरिसच्या बाजूला शार्ल द गोलहून टॅक्सीचे भाडे बांधलेले आहे. २०२४ पासून सेन नदीच्या उजव्या तीरावर ५६ युरो, डाव्या तीरावर ६५. बॅगांचे वेगळे पैसे नाहीत. आगमन कक्षात ‘टॅक्सी?’ म्हणत जवळ येणाऱ्याच्या मागे जाऊ नका, बाहेरच्या अधिकृत रांगेतच उभे राहा. ऑर्लीला जून २०२४ पासून मेट्रोची १४ क्रमांकाची लाइन थेट जाते, शहराच्या मध्यात २५ मिनिटांत. त्यामुळे गॅटविक–ऑर्ली ही जोडी पूर्वीपेक्षा बरीच सोयीची झाली आहे, दक्षिण लंडनमध्ये राहणाऱ्यांनी तिचा जरूर विचार करावा.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी

अंतर नागपूर–रायपूरपेक्षा फार जास्त नाही, पण व्हिसे दोन लागतात. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा सहसा अनेक प्रवेशांचा असतो, शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळू शकतो. पॅरिस, मग लंडन, मग पुन्हा ॲमस्टरडॅम असा बेत असेल तर शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो आणि एकेरी व्हिसावर दुसऱ्यांदा अडवतात. अर्ज भरतानाच अनेक प्रवेश मागा आणि प्रवासाचा आराखडा तसाच जोडा, नाहीतर शहरांचा क्रमच बदला.

मुंबईहून पॅरिसला जाताना हीथ्रोवर फक्त विमान बदलायचे असले तरी, हातात नुसता पर्यटनाचा शेंगेन व्हिसा असेल तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट पाहून हे विसरणाऱ्यांना मुंबईतच चेक-इनच्या खिडकीवर थांबवतात.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्यांऐवजी चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन संगणकावर नोंद करणारी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्या नोंदीला वेळ लागतो, विमानाने गेलात तर पॅरिसला आणि युरोस्टारने गेलात तर सेंट पँक्रसला. सुट्टीच्या दिवसांत वरच्या हिशेबात आणखी अर्धा तास धरा.

सामानात तूप, पनीर किंवा मांसाचे पदार्थ नकोत. ब्रिटनमधून फ्रान्समध्ये ते नेता येत नाहीत, आणि एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून ब्रिटनमध्येही आणता येत नाहीत. विमानात हातातल्या बॅगेत द्रवाची १०० मिलिलिटरची मर्यादा काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे सैल झाली असली तरी परतीच्या विमानतळावर जुनाच नियम असू शकतो, त्यामुळे लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत. युरोस्टारला ही मर्यादा नाही. तिथे दोन बॅगा आणि एक हातातली पिशवी चालते, फक्त बॅगेची लांबी ८५ सेंटिमीटरच्या आत हवी आणि ती स्वतः उचलून वर ठेवावी लागते.

तिकीट काढताना मुंबई–लंडन–मुंबई परतीचे घेऊन मध्ये पॅरिसला जाऊन यायचे, ही पद्धत सोडा. मुंबई–लंडन आणि पॅरिस–मुंबई असे एकाच नोंदणीत काढलेले तिकीट बहुधा तेवढ्याच पैशांत मिळते. पॅरिसहून लंडनला परत येण्याचा दिवस आणि भाडे वाचते, आणि ब्रिटनहून निघणाऱ्या विमानांवरचा प्रवासी करही टळतो. हा कर अंतराच्या टप्प्यांवर असतो: लंडनपासून त्या देशाच्या राजधानीपर्यंत २,००० मैलांच्या आत असेल तर सर्वांत खालचा दर. पॅरिस त्या टप्प्यात येते, दिल्ली येत नाही.